फ्रीजरमधली शेवंड आणि टोपलीतली सुकट



गेल्या एप्रिलमधली गोष्ट. जयंतीची मिरवणूक होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी सात वाजता वस्तीतली एक ताई आमच्या दारात आली. घरातली चार माणसं रात्रीपासून ओकत होती, जुलाब थांबत नव्हते. दोन वर्षांच्या नातवाचे डोळे खोल गेले होते आणि रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. असं लेकरू पाहिलं की हात आपोआप चालू लागतात. ओआरएसचं पाणी चमच्याचमच्याने पाजत त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लागली आणि संध्याकाळी ते हसलं. बाकीचे तिघे घरीच सावरले.

मग विचारलं, काय खाल्लं होतं? ताईने केराच्या डब्यातून एक रंगीत पाकीट काढून दाखवलं. त्यावर लालभडक, मोठ्या नांग्यांच्या लॉबस्टरचं चित्र होतं आणि कोपऱ्यात सवलतीचं पिवळं स्टिकर. मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती. "त्यांना काय सुकट-भाकर वाढायची का?" ताई म्हणाली.

ते वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. नंतरच्या रविवारी विहारात महिलांची आरोग्याची बैठक होती, तिथे हाच विषय घेतला. जळगाव असो की धुळे, मोठ्या दुकानांत आता गोठवलेल्या मासळीचे काचेचे फ्रीजर दिसतात. झिंगे, बासा, सुरमईचे तुकडे आणि कधीमधी स्वस्तात लॉबस्टर. हे घेण्यासारखं आहे का? पैशाला परवडतं का? अंगाला लागतं का? आणि आपल्या घरापर्यंत ते नीट पोचतं का? आम्ही चौदा जणींनी वर्गणी काढली, एक पाकीट आणलं आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोललं. या पानावर तो सगळा हिशोब मांडतो.

लॉबस्टर म्हणजे कोण?

कोळीवाड्यात आणि कोकणात हिला शेवंड म्हणतात. झिंग्याच्याच गोतातली, पण अंगावर जाड काटेरी कवच असलेली. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात, तिला लांब मिशा असतात. मोठ्या नांग्यांचं लॉबस्टर अमेरिका आणि युरोपच्या थंड समुद्रातलं. म्हणजे पाकिटावर नांग्यांचं चित्र आणि आत मिशांची शेवंड असेल, तर चित्र फक्त गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी आहे. आणखी एक चपटी शेवंड असते, तिचं मांसही लॉबस्टर म्हणूनच विकतात. काही पाकिटांत तर लॉबस्टरचा अंशच नावापुरता असतो. दुसऱ्या माशाचा लगदा, पिष्ट, रंग आणि वास घालून कांड्या केलेल्या असतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक दिलेले असतात, तिथे हे कळतं.

शेवंड महाग का, याचंही कारण समजून घ्या. ती सावकाश वाढते आणि थोडी सापडते. मुंबईच्या किनाऱ्यावर १९८० च्या सुमारास चपटी शेवंड बरीच मिळायची. ट्रॉलरच्या जाळ्यांनी अंडी पोटाशी धरलेल्या माद्यासुद्धा उपसल्या आणि १९९४ पर्यंत ती तिथून जवळपास संपली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याची नोंद केलेली आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीच्या शेवंडीला किमान वजन ठरवून दिलं, म्हणजे लहान जिवाला वाढायला सवड मिळावी. चांगली, मोठी शेवंड परदेशात आणि मोठ्या हॉटेलांत जाते. आपल्या गावात ती अगदी स्वस्तात दिसली, तर "स्वस्त का?" हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

महाग म्हणजे ताकदवान, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी लॉबस्टर इतकं मिळायचं की ते गरिबाचं खाणं समजत. पुढे डबाबंद करण्याचे कारखाने आले, रेल्वे आली, दूरच्या शहरांतल्या पैसेवाल्यांना त्याची चटक लागली आणि त्याच जिवाचा मान वाढला. मांस तेच राहिलं, खाणारा बदलला.

काट्यावरचा हिशोब

आम्ही आणलेल्या पाकिटावर निव्वळ वजन ४०० ग्रॅम लिहिलं होतं, आत दोन अख्ख्या शेवंडी होत्या. सवलतीत किंमत ५४९ रुपये. एक एक पायरी करून तोललं.

पाकीट काढून, बर्फासकट: ४७० ग्रॅम.
बर्फ विरघळून पाणी निथळल्यावर: ३८५ ग्रॅम.
डोकं आणि कवच काढून उरलेलं कच्चं मांस: १४० ग्रॅम.
शिजल्यावर: ११० ग्रॅम.

चौदा जणींच्या वाट्याला प्रत्येकी आठ ग्रॅमही आलं नाही. काट्याशेजारी बसलेली एक म्हातारी माय म्हणाली, "इतला पैसा दिधा नी नुसतं कवचच निंघनं!" सगळ्या हसल्या, पण हिशोब खरा होता. ५४९ रुपयांत १४० ग्रॅम मांस म्हणजे किलोला जवळजवळ ३,९०० रुपये पडले.

यात दुकानाने फार मोठी लबाडी केली असं नाही. गोठवलेल्या मासळीवर मुद्दाम पाण्याचा पातळ थर चढवतात, म्हणजे मांस सुकत नाही. हा थर धरून वजन विकायचं नाही, पाकिटावरचं निव्वळ वजन बर्फ सोडून असायला हवं, असा नियम आहे. आमच्या पाकिटात ते पंधरा ग्रॅम कमी भरलं. खरं नुकसान कवचात आहे. अख्ख्या शेवंडीत खाण्याजोगं मांस साधारण तिसरा हिस्सा. डोक्यासकट झिंगा घेतला तरी निम्म्याच्या आसपास वजन डोकं आणि सालात जातं. म्हणून भाव पाकिटाचा बघू नका, ताटात किती पडतं त्याचा बघा.

आता तेच ५४९ रुपये घेऊन आम्ही त्या आठवड्याच्या बाजारभावाने दुसऱ्या वस्तूंचा हिशोब केला. शरीर बांधणारा घटक म्हणजे प्रथिनं, ती किती मिळतात ते पाहा.

शेवंड: सुमारे २७ ग्रॅम प्रथिनं.
धरणातला रोहू, २०० रुपये किलोने पावणेतीन किलो, साफ करून: सुमारे २५० ग्रॅम.
अंडी, सात रुपयांना एक, म्हणजे ७८ अंडी: साडेचारशे ग्रॅमच्या वर.
सुकट, ४०० रुपये किलोने, माती-कचरा काढून: सातशे ग्रॅमच्या पुढे.
तूरडाळ, १४० रुपये किलोने: साडेआठशे ग्रॅमच्या आसपास.

५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. शेवंडीच्या पाकिटातून एका बाईचा एक दिवसही भागत नाही. अंड्यांत तिचे दहा दिवस भागतात. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल, तर आकडे बदलून हाच हिशोब घरी करा. शेवंड सगळ्यात खाली, हे बदलणार नाही.

"लाल असतं, रक्त वाढवतं"

बैठकीत तीन जणींनी हे म्हटलं. शेवंड शिजल्यावर लाल होते म्हणून ती रक्त वाढवते, अशी समजूत आहे. तो रंग कवचातला असतो, रक्ताशी त्याचा संबंध नाही. शेवंड आणि झिंगा यांत प्रथिनं चांगली असतात, चरबी कमी असते, बी-१२ जीवनसत्त्व, जस्त आणि आयोडीन मिळतं. हे खरे गुण आहेत. पण रक्तासाठी लागणारं लोह त्यांच्या मांसात फारच थोडं असतं.

हे आम्ही जोर देऊन सांगतो, कारण आपल्या घरांत खरा आजार हाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या लेकरांपैकी जवळजवळ ६९ टक्के रक्तक्षयाचे निघाले. वॉर्डात आम्ही सहा-सात हिमोग्लोबिनवर बाळंत होणाऱ्या पोरी पाहिल्या आहेत. गरोदर बाईचं ११ च्या खाली आणि इतर बाईचं १२ च्या खाली गेलं, तर रक्तक्षय समजावा. सहा-सातवर बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जीव जाऊ शकतो. अशा घरात "सुनेला ताकद येईल" म्हणून पाचशे रुपयांची शेवंड आणली, तर पैसे गेले आणि रक्त होतं तिथेच राहिलं.

रक्तासाठी हे करा. आशाताईकडून, आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या घ्या. गरोदरपणात रोज एक, किमान १८० दिवस. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. जेवणात बाजरीची भाकरी, मेथी, पोकळा, चवळीची पानं, मटकी, अळीव असू द्या. परवडेल तेव्हा आठवड्यातून एकदा कलेजी, पण गरोदर बाईने ती रोज-रोज खाऊ नये. वर लिंबू पिळा किंवा आवळा खा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळा, चहा ते लोह अडवतो. छोटी मासळी अख्खी खाल्ली तर हाडांतून चुनाही मिळतो, तो शेवंडीच्या कवचातून आपल्याला मिळत नाही.

थंडीची साखळी कुठे तुटते

गोठवलेलं म्हणजे वाईट असं आम्ही म्हणत नाही. उलट समुद्र आपल्यापासून लांब आहे. मुंबईहून धुळे सव्वातीनशे किलोमीटर, जळगाव चारशेच्या पुढे. बाजारात बर्फावर मांडलेली "ताजी" पापलेट पकडल्यापासून कितव्या दिवशी इथे आली, हे विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. जूनपासून जुलैअखेर तर यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. अशा वेळी पकडल्याबरोबर नीट गोठवलेला मासा बर्फावरच्या शिळ्या माशापेक्षा चांगला असू शकतो. भारतातून गोठवलेले झिंगे १९५३ पासून अमेरिकेला जात आहेत. म्हणजे तंत्र जुनं आणि पारखलेलं आहे.

अट एकच. उणे १८ अंशांची थंडी कारखान्यापासून आपल्या चुलीपर्यंत तुटता कामा नये. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. मासळी ऊबेला आली की ते उठतात आणि भराभर वाढतात. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतची ऊब त्यांना मानवते. आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ वर जातो. म्हणजे ओट्यावर ठेवलेलं पाकीट आपण जंतूंना आयतं अंथरूण घालून देतो.

त्या ताईच्या घरी काय झालं ते पायरीपायरीने विचारलं. दुपारी बारा वाजता पाकीट घेतलं. गाडीच्या हँडलला साध्या पिशवीत अडकवलं. वाटेत शिंप्याकडे थांबले. घरी येईपर्यंत तास झाला. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं, तर लाईट चार तास गेली. पाकीट मऊ पडलं, लाईट आल्यावर पुन्हा घट्ट झालं. दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर दोन तास ठेवून वितळवलं. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं होतं की जास्त शिजवली तर चामट होते, म्हणून नुसती परतून वाढली. दुकानात आधी काय झालं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. पण एवढ्या फटी एका ओळीत आल्यावर आजारपण आलं, यात नवल नाही.

वितळलेली मासळी परत गोठवायची नाही. पाकीट वितळवायचं तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा, खाली ताट ठेवा म्हणजे पाणी भाजीवर गळणार नाही. घाई असेल तर पाकीट न फोडता गार पाण्यात बुडवा आणि पाणी बदलत राहा. वितळलं की लगेच शिजवा. झिंगा किंवा शेवंड काचेसारखी अर्धपारदर्शक दिसते तोवर कच्ची. आतपर्यंत पांढरी, घट्ट झाली की शिजली. बांगडा, टूना यांसारखा मासा एकदा ऊबेत राहिला की त्यात एक विषारी घटक तयार होतो, तो शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. तेव्हा "उकळलं की सगळं मरतं" यावर विसंबू नका.

ज्या घरात फ्रीज नाही किंवा लाईटचा भरवसा नाही, त्यांनी गोठवलेलं पाकीट आणलंच तर त्याच दिवशी, त्याच वेळी शिजवून संपवावं. ठेवायचं असेल तर आणूच नये.

पाकीट हातात घेतल्यावर

दुकानात लाजू नका. पाकीट उलटून पाहणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. एवढं बघा.

१. निव्वळ वजन किती, आणि अख्खी आहे की सोललेली.
२. गोठवल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत. सवलतीचं स्टिकर मुदतीवर चिकटवलं असेल तर पाकीट परत ठेवा.
३. अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता, परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता.
४. आतले तुकडे सुटे वाजतात का. सगळा एकच गोळा झाला असेल, पाकिटात बर्फाचे मोठे खडे असतील, तर मधे कुठेतरी वितळून परत गोठलेलं आहे.
५. मांसावर पांढरे कोरडे चट्टे म्हणजे थंडीने सुकलेलं मांस. त्याने आजार होत नाही, पण चव आणि पैसा दोन्ही जातात. शेवंडीच्या डोक्याजवळचं मांस काळं, लिबलिबीत असेल तर ती गोठवण्याआधीच मेलेली, बराच वेळ पडलेली असू शकते. मेल्यावर तिच्याच पोटातला रस तिचं मांस लवकर नासवतो. म्हणूनच चांगली शेवंड जिवंत विकतात.
६. घटकांच्या यादीत २२३ हा क्रमांक म्हणजे काळं पडू नये म्हणून वापरलेलं सल्फाइट. दम्याच्या रुग्णाला त्याने धाप लागू शकते. ४५१ म्हणजे मांसात पाणी धरून ठेवणारा फॉस्फेट. बाशाचे पांढरेशुभ्र तुकडे तव्यावर टाकताच पाणी सोडून निम्मे का होतात, याचं एक कारण हे.

सगळं सामान घेऊन झाल्यावर शेवटी फ्रीजरकडे जा. सोबत जाड कापडी पिशवी आणि बर्फाची बाटली न्या. वजन कमी भरलं किंवा माल नासका निघाला, तर पाकीट, बिल आणि फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करता येतो. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि वजनमापे निरीक्षकाकडेही तक्रार देता येते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

कुणी जपून राहावं

झिंगा, खेकडा, शेवंड यांची काहींना ॲलर्जी असते. आधी पाचदा खाल्लेल्यालाही ती पुढे होऊ शकते. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, घसा आवळणं, धाप लागणं, चक्कर येणं ही तिची लक्षणं. श्वासाला त्रास होतो आहे असं दिसलं तर लिंबूपाणी, हळद, अंगारा यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, माणसाला दवाखान्यात न्या. तिथे देतात ते ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. ज्याला एकदा असं झालं, त्याने सुकट-जवळाही खाऊ नये, कारण तोही वाळवलेला बारीक झिंगाच असतो. शिजवून किंवा वाळवून ॲलर्जी जात नाही.

सांध्यांत युरिक ॲसिडचा त्रास असेल तर हे सगळे प्रकार मोजकेच खावेत.

उलट्या-जुलाब झालेच, तर पहिलं औषध पाणी. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. अंगावरचं दूध चालू ठेवा. लेकरू मलूल झालं, लघवी थांबली, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

मग घ्यायचं काय?

आमचं म्हणणं असं. स्वस्तातली अख्खी गोठवलेली शेवंड घेऊ नये. पैशाने परवडत नाही, रक्त वाढवत नाही आणि आपल्या उन्हात घरापर्यंत नीट पोचण्याचा भरवसा नाही. सणासुदीला हौस वाटली तर सोललेले झिंगे, लहान पाकीट, वरच्या सगळ्या गोष्टी पारखून, त्याच दिवशी शिजवून. हौसेला आमची ना नाही. वर्षातून एकदा चांगलं खावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही.

पण आठवड्याचं खाणं जवळच आहे. हतनूर, गिरणा, वाघूर, अक्कलपाडा, अनेर या धरणांचा रोहू, कटला, मरळ आपल्या बाजारात येतो. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खळगा राहत नाही, असा मासा ताजा. अंडी आहेत, डाळ आहे, शेंगदाणा आहे.

आणि सुकट आहे. वाळवलेल्या बोंबलात आणि जवळ्यात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. फ्रीज लागत नाही, लाईट गेली तरी नासत नाही. एका वेळी मूठभर, वीस-पंचवीस ग्रॅम, वांग्यात किंवा कांद्यावर टाकली तरी सगळ्या घराच्या भाकरीला सत्त्व येतं. घेताना ओलसर, बुरशीची, पिवळी पडलेली, औषधाचा वास येणारी घेऊ नका. घरी आणून कडक ऊन द्या. करताना कोरडी भाजा, मग दोन-तीन पाण्यांत धुवा, वाळू खाली बसते. नुसत्या उन्हात वाळवलेला बोंबील आणि मीठ लावलेला खारा मासा यांत फरक करा. बीपी असलेल्यांनी खारा मासा टाळावा किंवा भिजवून पाणी टाकून द्यावं. दिवसाचं सगळं मिळून मीठ एका माणसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याएवढंच हवं.

आता त्या ताईच्या वाक्याकडे परत येतो. सुकट भाजली की शेजारी खिडक्या लावतात. भाड्याने खोली देताना घरमालक "काय खाता?" असं विचारतो. पोरगी डब्यात सुकट नेत नाही, मैत्रिणी नाक मुरडतात म्हणून. हा सगळा वास आपण पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतला, आणि नकळत आपल्यालाच आपल्या ताटाची लाज वाटू लागली. पाचशे रुपयांच्या पाकिटातून आपण शेवंड विकत घेत नव्हतो. "आम्ही कमी नाही" हे सांगण्याची किंमत मोजत होतो. आपण कमी नाहीच, त्यासाठी पाकिटाची साक्ष कशाला?

मागच्या महिन्यात त्या ताईचे व्याही पुन्हा आले. तिने कळण्याची भाकरी, सुकट घातलेलं वांग्याचं भरीत, अंड्याचा रस्सा आणि कांदा-लिंबू वाढलं. व्याह्यांनी दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं, आणि विहीणबाईने सुकट कुठल्या बाजारातून आणली ते विचारलं. नातू मांडीवर बसून भाकरी चघळत होता.

घरचा अभ्यास

१. या आठवड्यात मासळी, अंडी, डाळ जे आणाल, त्याचं साफ केल्यानंतरचं वजन करा. एक किलो खरं मांस किंवा डाळ कितीला पडली ते वहीत लिहा.
२. घरातल्या प्रत्येक बाईचं आणि मुलीचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? तारीख आठवत नसेल तर या महिन्यात आरोग्य केंद्रात जा.
३. झिंगा किंवा सुकट खाऊन कुणाच्या अंगाला खाज किंवा सूज आली आहे का, हे घरात विचारा आणि लिहून ठेवा.
४. पुढच्या रविवारी वही घेऊन विहारात या. हिशोब एकमेकींचे पाहू.